वारसाने आलेली जमीन आणि पीएम किसानचा नामंजूर अर्ज

प्रश्न – कोरडवाहू
माझ्या वडिलांना पीएम किसान सन्मान निधीचे हप्ते सुरुवातीपासून मिळत होते. २०२३ मध्ये ते वारल्यानंतर ते बंद झाले, आणि ते योग्यच होते. पुढे वारस म्हणून आई, थोरले बंधू आणि माझे नाव सातबाऱ्यावर लागले. मी सातबारा, आठ-अ (खाते उतारा) आणि फेरफाराची, म्हणजे जमिनीवरील नावाच्या बदलाच्या महसुली नोंदीची, प्रत जोडून नवी नोंदणी केली. परंतु जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झाल्याचे कारण दाखवून अर्ज नामंजूर करण्यात आला. जमीन आजोबांपासूनची आहे, मग ती २०१९ नंतरची कशी ठरते?

उत्तर – गावनमुना
योजनेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही जमीनधारणेची कटऑफ तारीख आहे. त्यानंतर खरेदीखताने, बक्षीसपत्राने किंवा वाटणीने जमीन नावावर झाली असेल, तर नव्या धारकाला लाभ मिळत नाही. मूळ धारकाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने आलेली जमीन मात्र याला अपवाद आहे. तेव्हा तुम्ही जोडलेला फेरफार नेमका कशाचा आहे, हे आधी पाहा. मंजुरीचा शेरा आणि तारीख एवढेच वाचून लोक कागद पुढे सरकवतात, ‘फेरफाराचे स्वरूप’ हा मजकूर कोणी वाचत नाही. वारसाच्या फेरफारासोबत वडिलांच्या नावे जमीन कटऑफपूर्वीच होती हे दाखवणारा जुना फेरफारही जोडावा लागतो. तो ऑनलाइन अभिलेखांत न सापडल्यास तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कलेसाठी अर्ज करावा.

उत्तर – बांधावरून
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले. त्यामुळे तुम्ही आणि तुमचे बंधू विवाहित असाल, तर दोघांची कुटुंबे वेगळी धरली जातील. मात्र तुम्ही किंवा तुमच्या पत्नी यांच्यापैकी कोणी मागील आकारणी वर्षात आयकर भरला असेल, तर फेरफार कितीही निर्दोष असला तरी उपयोग नाही. दुसरे म्हणजे, रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. माझे पहिले दोन हप्ते मी विसरलेल्या एका जुन्या खात्यात पडून होते आणि मी मात्र जिल्हा बँकेच्या पासबुकात नोंदी करून घेत हेलपाटे घालत होतो.

कोरडवाहू
आपले म्हणणे वाचून कागद पुन्हा काढले. सातबाऱ्यावर फेरफाराचे दोन क्रमांक आहेत: पहिला वारसाचा, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालील वाटपाचा, म्हणजे वाटणीचा. वाटपात माझा गट स्वतंत्र झाल्यामुळे सेवा केंद्रावरील मुलाने ताजा म्हणून दुसराच फेरफार चढवला, आणि मीही तो न वाचताच अंगठा दिला. वारसाच्या फेरफारात वडिलांचे नाव ‘मयत’ असे कंस करून स्पष्ट लिहिलेले आहे.

गावनमुना
मग अडचण तिथेच आहे. दोन्ही फेरफार, वडिलांचा जुना फेरफार आणि मृत्यूचा दाखला असे एकत्र जोडून तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या व पोच घ्या. वारसाने आधी आणि वाटपाने नंतर, हा क्रम अर्जातच लिहा. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीसाठी निराळा अर्ज नसतो, केंद्राची नोंद मान्य झाल्यावर तेही वर्षाचे ६,००० रुपये त्याच नोंदीवरून मिळतात.