गुणगौरव सोहळा तीन तास चालतो, पोरांचं कौतुक मात्र तीस सेकंद. काय करावं?

काटोलरोडवाला: यंदा गुणगौरवाचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात टाकलंय. नागपुरातलंच कॉलेज, मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. यादीत सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास झालेले दोघं, खो-खोतली एक कलर होल्डर (विद्यापीठाच्या संघातून खेळलेली), एनएसएसचा एक पोरगा, दोन सहकाऱ्यांच्या पीएचड्या आणि वर्गावर्गाचे टॉपर आहेत.

दरवर्षी होतं काय, तर पाहुणे उशिरा येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, संस्थाध्यक्षांचं मनोगत. नावं येईपर्यंत अर्धा हॉल उठलेला असतो आणि नावंही धडाधड वाचून संपवतात. मागच्या वेळी आमच्या एका पोरीनं भिवापुरी मिरचीच्या फळकुजीवर काम करून आविष्कार या संशोधन स्पर्धेत विद्यापीठाची फेरी जिंकली होती. निवेदकानं वाचलं, "आविष्कार स्पर्धेत सहभाग." मिरचीचा म सुद्धा नाही! तिचे बाबा स्वतः मिरची लावतात, ते मागच्या रांगेत बसून होते. कुणी हा प्रकार बदलून दाखवलाय का?

निवृत्त_अधीक्षक_महाल: सर, माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली, असे कार्यक्रम ढिगानं पाहिले. तुमची यादी लांब नाही, पाहुणा मोठा आहे. संस्थेला डिसेंबरातली तारीख का आवडते? हिवाळी अधिवेशनासाठी अख्खं मंत्रिमंडळ नागपुरात असतं म्हणून. पण त्या माणसाला त्याच दिवशी आणखी चार ठिकाणी जायचं असते नं! सिव्हिल लाइन्समधून गाडी निघता निघत नाही आणि तुमची पोरं बसली आहेत वाट पाहत.

त्यापेक्षा ऑगस्ट धरा. निकाल लागलेले असतात, परीक्षा दूर असते. फक्त 4 तारीख सोडा. 1923 साली त्या दिवशी विद्यापीठ स्थापन झालं, त्यामुळे वर्धापन दिनाला अर्धे लोक तिकडे असतात. पाहुणा विषयातला बोलवा. वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची आहे, पर्यावरण संशोधनाची नीरी आहे. मिरचीच्या फळकुजीबद्दल ऐकून दोन प्रश्न विचारेल असा माणूस या गावात सापडणार नाही काय? त्यानं विचारलं की पोरगी बोलते, आणि ती बोलली की हॉल ऐकते.

दुसरं म्हणजे मजकूर. प्रत्येकाकडून त्याच्याच हातानं तीन ओळी लिहून घ्या: काय केलं, कुठं अडलं, पुढं काय. निवेदकानं त्या आदल्या दिवशी त्या पोरासमोर वाचून दाखवायच्या. आडनावं तिथंच दुरुस्त होतात. उइके, सयाम, धुर्वे ही नावं स्टेजवर कशी मोडतात हे मी फार ऐकलंय, आणि ती मोडली की पोराचा चेहरा कसा होतो तेही पाहिलंय.

प्राध्यापकांचा सत्कार वेगळा, स्टाफरूममध्ये करा. पीएचडीचा फायदा त्यांना पदोन्नतीत मिळतोच, पोराला हा एकच दिवस आहे. आणि त्या मिरचीच्या प्रयोगाला रात्री इन्क्यूबेटर कोण पाहत होतं? प्रयोगशाळा परिचर. त्यालाही स्टेजवर घ्या राजेहो, कुणी घेत नाही.

उमरेडची_माजी_विद्यार्थिनी: मला सत्कार मिळाला तेव्हा कार्यक्रम संध्याकाळी होता. आई अर्ध्यातून उठली, कारण गणेशपेठच्या स्टँडवरून परतीची गाडी धरायची होती. माझं नाव आलं तेव्हा ती गाडीत होती. काटोल, रामटेक, भिवापूरकडचे पालक हवे असतील तर सकाळी अकराला ठेवा. आणि त्यांना पुढच्या दोन रांगा द्या, तिथं एरवी सोफे टाकून रिकामे ठेवतात.

आयक्यूएसीचा_हमाल: सगळं पटतं, पण कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला आम्ही गुणवत्ता कक्षातून पाठवतो त्या वार्षिक अहवालाचं काय? जिओटॅग केलेले फोटो लागतात, प्रमाणपत्रांच्या प्रती लागतात. स्टाफरूममधल्या चहाचा फोटो फाइलला कसा लावू? बॅनर तरी मागे असू द्या.

निवृत्त_अधीक्षक_महाल: बॅनर लावा की स्टाफरूममध्ये, खिळा मी ठोकतो. प्रमाणपत्रं मात्र मे महिन्यात अहवाल आला म्हणून मागू नका. ज्या आठवड्यात निकाल लागला त्याच आठवड्यात पोराकडून प्रत घ्या आणि गेटजवळच्या फळ्यावर त्याचं नाव आणि काम लिहा. त्याच्या वर्गातल्या पोरांना ताजं असताना कळते. तुमची फाइल आपोआप भरते.

काटोलरोडवाला: तीन ओळींचा मजकूर आणि सकाळची वेळ पक्की. परिचरालाही विचारलं, तो आधी नाही म्हणाला, मग इस्त्रीचा शर्ट घालून येतो म्हणाला. पाहुण्यांसाठी लिंबूवर्गीयवाल्यांना पत्र लिहितो. नाश्त्याला सांबारवडी, तर्रीपोहे नकोत, नवीन पडदे आहेत. फक्त संस्थाध्यक्षांना "सर, मनोगत पाच मिनिटांत" हे कोण सांगणार?

निवृत्त_अधीक्षक_महाल: ते तुमचं तुम्ही बघा. मी निवृत्त झालोय.