आईच्या कॉक्लिअर इम्प्लांटवरची सूज: जंतुसंसर्ग की ॲलर्जी? मदत हवी आहे

नमस्कार. आईला (वय ६१) सव्वा वर्षापूर्वी उजव्या कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने आत बसवायचं, ऐकू येण्यासाठीचं यंत्र) बसवलं. सुरुवात फार छान झाली, फोनवर माझा आवाज ओळखून बोलायला लागली होती. ४ महिन्यांपूर्वी मात्र कानामागची कातडी लाल व्हायला लागली. कॉइल (इम्प्लांटवर बाहेरून मॅग्नेटने चिकटणारी चकती) काढल्यावर उमटलेला गोल वळ पूर्वी तासाभरात जायचा, आता सकाळीही तसाच असतो. बोट लावलं तर आत पाणी भरल्यासारखं लिबलिबीत लागतं. ताप नाही, पू नाही.

आधी कमी ताकदीचं मॅग्नेट लावून पाहिलं. मग अँटिबायोटिक्सचे २ कोर्स झाले. सुईने दोनदा पाणी काढून कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) केलं, दोन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. शेवटी स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज आठवड्यात ओसरली, पण डोस कमी करताच परत आली. मॅपिंगला (इम्प्लांटचं सेटिंग जुळवताना) इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळाही वाढलेला निघाला. इलेक्ट्रोडभोवती (आतल्या कानात घातलेल्या तारेभोवती) तंतुमय ऊती वाढली की असं होतं म्हणे. थोडीफार ती सगळ्यांच्याच इम्प्लांटभोवती तयार होते, आईची जास्त झाली असावी.

डॉक्टरांना इम्प्लांटवरच्या सिलिकॉनच्या ॲलर्जीचा संशय आहे. ती विरळा, पण बसवल्यावर महिन्यांनी, वर्षांनीही उठू शकते. दुसरी शक्यता बायोफिल्मची. त्यात जंतू इम्प्लांटला थर करून चिकटतात, साध्या कल्चरमध्ये हाती लागत नाहीत आणि औषधांनाही सहजी दाद देत नाहीत. माझा जीव इथेच अडकलाय. आत संसर्ग असेल तर स्टेरॉइडने आपण तो वाढवतोय का?

आता कंपनीकडून इम्प्लांटमधल्या घटकांचे नमुने मागवून पाठीवर पॅच टेस्ट (नमुने कातडीला चिकटवून ॲलर्जी पाहण्याची चाचणी) करायची आहे. स्टेरॉइड चालू असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते असं त्वचारोगतज्ज्ञ म्हणाल्या. ज्यांची झाली आहे, त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी किती दिवस आधी थांबवल्या होत्या? टेस्ट निगेटिव्ह येऊनही शेवटी सिलिकॉनच कारण निघालं, असं कुणाचं झालंय का?

आणखी एक. इम्प्लांट काढावं लागलं तर कधीकधी इलेक्ट्रोड कापून कॉक्लियातच (आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात) ठेवतात, म्हणजे पुढच्या इम्प्लांटला वाट राहते. पण ॲलर्जी असेल तर त्या तुकड्यावरही सिलिकॉनच की! वेगळ्या प्रकारच्या सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून कुणाला गुण आला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

निर्णय पंधरा दिवसांत घ्यायचाय. आई हल्ली केस पुढे ओढून सूज झाकते. कॉइल काढायला लावतील आणि परत काही ऐकू येणार नाही, याची तिला भीती वाटते.