तिन्येची गोष्ट थोडी वेगळी

नेहमी म्हटलं जातं की आल्प्समधल्या गरीब गावांनी शेती-गुरं सोडून स्कीइंग धरलं आणि नशीब काढलं. फ्रान्सच्या सावोआ भागातल्या तिन्येला ते तितकंसं लागू होत नाही. तिथे आधी गावच बुडालं. इझेर नदीवर १८० मीटर उंचीचं धरण झालं, लोकांनी कडाडून विरोध केला, पण शेवटी १९५२ मध्ये पोलीस आणून घरं रिकामी केली. स्मशानातले मृतदेहसुद्धा उकरून हलवावे लागले! जुन्या चर्चची हुबेहूब प्रत नंतर वरच्या वस्तीत बांधली, ती अजून आहे.

आज आपण ज्याला तिन्ये म्हणतो ते २१०० मीटरवर, उन्हाळी कुरणांच्या जागी उभं राहिलेलं. इमारती, खरं सांगायचं तर, बऱ्याचशा कुरूप आहेत. पण बर्फ भरवशाचा, वर ग्राँद मोत हिमनदी, १९९२ च्या ऑलिंपिकमधलं फ्रीस्टाइल स्कीइंगही इथलंच. आता ती हिमनदीच आटत चालली आहे आणि एकेकाळी बारमाही चालणारं स्कीइंग उन्हाळ्यात जेमतेम उरलंय.