मदत हवी आहे: ट्रॅव्हलर (आयर्लंडमधला, परंपरेने फिरस्ता) समाजाबद्दल मुलीला काय वाचायला देऊ?

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. सासूबाईंना चॅनल ४ च्या 'माय बिग फॅट जिप्सी वेडिंग' या ट्रॅव्हलर आणि जिप्सींच्या लग्नांवरच्या टीव्ही मालिकेचे जुने भाग बघायचा नाद लागलाय. दारात न मावणारा, दिव्यांनी लुकलुकणारा नवरीच्या झग्याचा घेर दिसला की त्या हाक मारतात आणि मीही गॅस बारीक करून जाऊन बसते. पण लेकीच्या वर्गात एक आयरिश ट्रॅव्हलर मुलगी आहे. याच मालिकेवरून पोरं तिला चिडवतात. फार वाईट वाटतं. मालिकेच्या फलकांवरच्या काही जाहिराती २०१२ मध्ये जाहिरात नियामकांनीही चुकीच्या ठरवल्या होत्या. आयरिश ट्रॅव्हलर आणि रोमानी (ज्यांना जिप्सी म्हणतात) हे दोन वेगळे समाज, हे मलाच उशिरा कळलं. त्यांच्यापैकीच कुणी लिहिलेलं, दहा वर्षांच्या मुलीला झेपेल असं पुस्तक सुचवाल का? आणि शाळेत हा विषय कुणाकडे, कसा काढावा?