फिल्टर बदलल्यावर आरपीएम वर-खाली होतोय? आधी रबरी पाइप बघा

एअर फिल्टर घरी बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली आणि तेव्हापासून गाडी उभी असताना आरपीएम वर-खाली होतो, चेक इंजिनचा दिवाही लागलाय, असं तुम्ही लिहिलंय. वर प्रतिसादांत काहींनी इंजेक्टर, फ्युएल पंप सुचवलेत. कृपया इतक्यात त्या खर्चात पडू नका. काल नीट चालणारी गाडी आज बिघडली, तर जिथे हात लागला तिथेच आधी बघायचं.

फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप चाचपा. त्याची कड क्लॅम्पखाली दुमडली की वरून सगळं ठीक दिसतं, पण खालून हवा शिरते. गाडीत एअर फ्लो सेन्सर असेल तर ही हवा मोजलीच जात नाही, पेट्रोल त्या मानाने कमी पडतं आणि मिश्रण पातळ होतं. स्कॅनरवर पी०१७१ कोड (मिश्रण पातळ असल्याचा) आला तर हा संशय बळावतो. माझ्याकडे हेच झालं होतं. दोन दिवस प्लग तपासण्यात गेले, शेवटी पाइपखाली बोट फिरवल्यावर फट हाताला लागली.

सेन्सरचा कनेक्टर 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. एवढं करूनही फरक नसेल, तर थ्रॉटलचं रीलर्निंग राहिलं असेल. कार्बन निघाल्यावर थ्रॉटलच्या तेवढ्याच फटीतून जास्त हवा जाते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते नव्याने शिकावं लागतं. पद्धत मॉडेलनुसार बदलते, मॅन्युअल बघा.

आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. ते मिसफायरचं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचं लक्षण आहे, न जळलेल्या पेट्रोलने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.