शीआन पाहण्यासाठी दोन दिवस पुरतील का?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये बीजिंगहून शीआनला जाण्याचा विचार असून सोबत सत्तरीची आई आहे. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांखेरीज तेथे काय पाहावे, आणि तटबंदीवर चालणे तिला झेपेल का?

प्रतिसाद १ : तीन दिवस ठेवावेत. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले ते सैनिक शहराच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर असल्याने अख्खा दिवस त्यातच जातो. हे सैनिक उत्खननाच्या खड्ड्यांत उभे आहेत; त्यांतला पहिला खड्डा सर्वांत मोठा, म्हणून सारी गर्दी तेथेच लोटते. आम्ही तो शेवटी पाहिला आणि ते बरे झाले. निरखून पाहिल्यास प्रत्येकाचा चेहरा निराळा दिसतो, कित्येकांचा अंबाडाही एका बाजूला कललेला आढळतो.

प्रतिसाद २ : तटबंदी मिंग राजघराण्याच्या काळातील असून तिचा घेर जवळपास १४ किलोमीटर आहे, त्यामुळे आईंना पूर्ण फेरीचा आग्रह करू नये, दक्षिण दरवाज्याशी चढून थोडे फिरणे पुरे. (वर सायकली भाड्याने मिळतात, पण विटांच्या फरशीवर त्या चांगल्याच हादरतात.) दायान पॅगोडा मात्र चुकवू नका, कारण ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो इ. स. ६५२ मध्ये उभारला गेला, आणि हाच यात्रेकरू चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला होता.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आई शाकाहारी आहे, हे लिहायचे राहिले.

प्रतिसाद १ : मग ‘मांस चालत नाही’ असे चिनी लिपीत लिहिलेला कागद जवळ ठेवावा. लियांगपी नावाच्या थंड, रुंद शेवया त्यांना बहुधा चालतील. तिखट तेल वेगळे मागावे.