दीव : सॅक पाठीला लावून फिरलेल्यांनो, अनुभव लिहा

दीवचं नाव काढलं की दोनच प्रतिक्रिया येतात, "तिकडे लोक प्यायला जातात ना?" आणि "म्हणजे दमणच ना?". नाही हो, दमण वापीजवळ आणि दीव पार सौराष्ट्राच्या खालच्या टोकाला, दोन्हीच्या मध्ये खंबातचं आखात. बेट इनमिन 11 किमी लांब आणि जेमतेम 3 किमी रुंद, त्यामुळे बस-सायकल-पायी आरामात फिरून होतं. तर तसं फिरलेल्यांनी लिहा, कसे गेलात, काय बघितलंत, कशासाठी थांबावं. रिसॉर्टच्या स्विमिंग पूलचे फोटो नकोत, प्लीज :)

सुरुवात मीच करते. वांद्रे टर्मिनसहून वेरावळची ट्रेन, मग एसटीने उना आणि तिथून दीव. वेरावळ-उना बसमध्ये हाडं खिळखिळी होतात पण खिडकीतून नारळाच्या बागा बघत जाता येतं. मला सगळ्यात आवडला तो किल्ला. गुजरातच्या बहादूरशहाला हुमायूनची भीती म्हणून त्याने 1535 मध्ये पोर्तुगीजांना किल्ला बांधायची परवानगी दिली आणि मग ते जे बसले ते थेट डिसेंबर 1961 पर्यंत. मधे 1538 आणि 1546 ला मोठे वेढे पडले तरी हलले नाहीत. का हलले नाहीत ते खंदकाशी उभं राहिलं की कळतं, अख्खा खडक कापून काढलाय आणि भरतीला समुद्र आत येतो. आत सावली जवळपास नाहीच, त्यामुळे सकाळी उघडल्या उघडल्या जा. तटावरून समोर पाण्यात पाणीकोठा दिसतो, बोटीच्या आकाराचा छोटा किल्ला.

*

ताई छान धागा. मी भाड्याची सायकल घेऊन फिरलो. झांपा दरवाज्याच्या बाहेर थोडं गेलं की नायडा गुंफा, किल्ल्यासाठी इथूनच दगड काढला असं लोक सांगतात. चौकोनी कापलेल्या भिंती, वर भोकं आणि त्यातून ऊन तिरपं खाली येतं, वडाच्या मुळ्या वरून लोंबतायत. लोक दहा मिनिटांत सेल्फी काढून निघून जातात, तसं करू नका, उन्हाची तिरीप सरकत जाते तशी भिंतीवरची छिन्नीची ओळ न ओळ दिसायला लागते.

आणि फुदमचं गंगेश्वर. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, भरतीला लाटा येऊन अंघोळ घालून जातात. ओहोटीला गेलात तर नुसती ओली कपार बघून परत याल आणि मग म्हणाल की यात काय विशेष. आदल्या दिवशी कुठल्याही टपरीवर भरतीची वेळ विचारून ठेवा, ती रोज पाऊणएक तास पुढे सरकते त्यामुळे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ काही कामाची नाही.

*

मी एकटी गेले होते (बाई, एकटी, सॅक, हो). सोमवार ते गुरुवार दीव इतकं शांत आहे की रात्री जेवून एकटी चालत परत आले तरी काही वाटलं नाही. शनिवारी मात्र अख्खं गाव बदलतं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे गाड्या भरभरून येतात आणि नागवा बीचवर पॅरासेलिंगवाले, हॉर्न, फुटक्या बाटल्या. माझं बुकिंग असूनही एका लॉजवाल्याने शनिवारी रूम दुसऱ्यालाच देऊन टाकली, भांडून शेवटी गच्चीवरची खोली मिळाली. वीकेंडला तिथे असालच तर पूल ओलांडून घोघल्याचा बीच बघा, 2020 मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेला, बराच स्वच्छ आहे. परत जाताना बाटली सॅकमध्ये घालू नका, हद्दीवर बॅगा उघडतात.

नागव्याचे फांद्या फुटलेले ताड मात्र बघाच, होका म्हणतात तिथे. ताडाला फांद्या हे बघून मेंदू जरा अडखळतो.

*

कोणी खुकरीबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितोय. माझे काका नेव्हीत होते त्यामुळे आम्हाला दीव म्हणजे आधी तेच. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या समोरच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी हँगोरने टॉर्पेडो मारून आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. स्मारक टेकाडावर आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. त्याच नावाची नंतरची कॉर्व्हेट (छोटी युद्धनौका) निवृत्त झाल्यावर 2022 मध्ये दीवला दिली, तीही आहे. संध्याकाळी सनसेट पॉईंट म्हणून गर्दी होते, भेळ खात लोक फोटो काढत असतात. मला ते खटकलं, काकांना नाही खटकलं. ते म्हणाले, येऊ देत की लोकं.

*

आम्ही कोळी, त्यामुळे बीच वगैरे घरचंच :D मी बसने थेट वणाकबाऱ्याला गेलो, बेटाचं पश्चिम टोक. सकाळी बोटी लागतात तेव्हा जा. बायका बोंबील जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून वाळवायच्या वलांडीवर टांगत होत्या, हुबेहूब आमच्यासारखंच, फक्त हात आमच्या आईपेक्षा जास्त वेगाने चालत होते हे घरी सांगितलं नाही. गुजराती येत नव्हती तरी माशांच्या नावांवर तासभर गप्पा झाल्या. वास सहन होत नसेल तर जाऊ नका, नाक दाबून फोटो काढणारे तिथल्यांना आवडत नाहीत आणि मलाही.

*

सेंट पॉल चर्च राहिलं की! 1610 च्या आसपासचं, बाहेरून पांढरं आणि आत काळपट लाकडावर इतकं कोरीवकाम की मान दुखते. सेंट थॉमस चर्चमध्ये आता म्युझियम आहे. पारशी परंपरेप्रमाणे संजाणला यायच्या आधी ते लोक 19 वर्षं दीवला राहिले, म्हणून बेटावर जुनी दखमाही (पारशी मृतदेह ठेवायची जागा) आहे. तीन-चार गोष्टी जवळजवळ आहेत, जुन्या गल्ल्यांतून पायीच फिरा, रिक्षात बसलात तर ती रंगीत पोर्तुगीज घरं डोळ्यासमोरून भुर्रकन जातील.

*

सगळ्यांना धन्यवाद, फेब्रुवारीत जायचं नक्की. दीववरून सासण गीर जोडता येईल का?

*

येईल की, उन्याहून त्या बाजूला बस आहेत. सफारीचं परमिट आधी ऑनलाईन काढून ठेव, वीकेंडचं पटकन संपतं. फेब्रुवारीत प्रश्न नाही, जंगल 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असतं.